बसवनगुडीचा समुद्रकिनारा

माझी भाची रत्नागिरीची. भाट्याचा किनारा तिच्या घरापासून सायकलवर दहा मिनिटांवर. गुढीपाडव्याला जोडून सुट्टी मिळाली तशी ती आमच्याकडे बेंगळुरूला आली, आणि आली ती गळ्यात दुर्बीण अडकवूनच. चहा व्हायच्या आत तिचा पहिला प्रश्न, "मावशी, इथे किनाऱ्यावरचे पक्षी बघायला कुठे जायचं?"

बेंगळुरू समुद्रसपाटीपासून नऊशे मीटर उंचावर. पश्चिमेला मंगळूर गाठायचं तर साडेतीनशे किलोमीटर, पूर्वेला चेन्नई गाठायचं तरी जवळपास तेवढंच. मी म्हटलं, "अगं, इथे कुठला आलाय किनारा!"

वरच्या मजल्यावरचा सहावीतला मुलगा नेमका दारात उभा होता. त्याचे आजोबा कोल्हापूरकडून इथे आले, हा मात्र जन्मापासून आमच्या या भागातला, बसवनगुडीचा. तो म्हणाला, "आहे की काकू! केंपांबुधि!"

दोस्तांनो, त्याचं म्हणणं शब्दशः खरं होतं. अंबु म्हणजे पाणी आणि अंबुधि म्हणजे समुद्र. सोळाव्या शतकात केंपेगौडांनी बेंगळुरू वसवलं तेव्हा गावाजवळून वाहणारी मोठी नदी नव्हती. मग पावसाचं पाणी अडवून तळी बांधली. कन्नडमध्ये तळ्याला म्हणतात केरे. या केऱ्यांपैकी दोनांना नाव दिलं थेट समुद्राचं: धर्मांबुधि आणि केंपांबुधि. धर्मांबुधि बुजलं, तिथे आता शहराचं मोठं बसस्थानक आहे. केंपांबुधि मात्र बसवनगुडीच्या कडेला अजून आहे. पाण्याला अधूनमधून वास येतो, पण पाणी आहे आणि पाण्याला काठ आहे. काठ म्हणजेच किनारा, नाही का?

भाचीला बसवनगुडी या नावाचीही गंमत वाटली. "इथे वर्षभर गुढी असते?" नाही हो. ही गुडी वेगळी. कन्नडमध्ये गुडी म्हणजे देऊळ, आणि बसव म्हणजे नंदी. नंदीचं देऊळ ते बसवनगुडी. अखंड दगडातला तो प्रचंड नंदी बघायला माणसं लांबून येतात.

तर ठरलं. दुसऱ्या दिवशी पहाटे निघायचं: मी, भाची, वरचा मुलगा आणि त्याची तिसरीतली धाकटी बहीण. चार जणांत दोन दुर्बिणी, एक वही, पाण्याच्या बाटल्या. कपडे मातकट रंगाचे. धाकटीला तिचा लाल फ्रॉकच घालायचा होता. तिला समजवायला दहा मिनिटं गेली.

साडेसहाला आम्ही केंपांबुधिच्या काठावर होतो. पहिले दिसले ते वारकरी. खरंच, या पक्ष्याचं मराठी नावच वारकरी! अंग काळंभोर, चोच पांढरी आणि कपाळावर पांढरा शुभ्र टिळा, जणू गंध लावून निघालाय. काही जण याला चांदवा म्हणतात. विठोबाला तर कानडाच म्हणतात, मग त्याचे वारकरी बसवनगुडीत भेटले यात नवल ते काय! पाण्यात हे बदकासारखे पोहतात, पण यांचे पाय बदकाचे नाहीत. बदकाच्या बोटांमध्ये पडदा असतो, वारकऱ्याच्या प्रत्येक बोटाला पानांसारख्या सुट्या झालरी असतात. पाय मागे रेटला की झालरी पसरतात आणि वल्ह्याचं काम करतात. पाय पुढे घेताना त्या मिटतात, म्हणजे पाणी अडत नाही. एक वारकरी काठावर चढला तेव्हा ते पाय आम्हाला नीट दिसले. त्या अंगाला एवढे मोठे पाय म्हणजे बाबांच्या चपला घातलेलं लहान मूलच.

मग भाची कुजबुजली, "मावशी, हलू नकोस."

काठावरच्या चिखलात, आमच्यापासून दहाबारा पावलांवर, एक वंचक उभा होता. मी तिथून दोनदा गेले होते आणि मला तो दिसला नव्हता. मातकट पाठ, मानेवर उभ्या तपकिरी रेघा, वाळक्या गवतातून ऊन झिरपावं तशा. हा बगळाच, पण बुटका. खेड्यात याला ढोकरीही म्हणतात. वंचक म्हणजे फसवणारा, आणि हे नाव ज्याने ठेवलं त्याने या पक्ष्याकडे खूप वेळ बघितलं असणार. तो हालतच नाही. आम्ही घड्याळ लावलं. एक मिनिट, दोन, चार. फक्त डोळा पिवळा जर्द, पाण्यावर रोखलेला. सहाव्या मिनिटाला मान सुटली! इतक्या वेगाने, की धाकटीला मासा दिसला तो थेट चोचीतच.

पण खरी फसवणूक पुढे आहे. मागून एक कुत्रा आला आणि वंचक उडाला. आणि तो मातकट पक्षी गेला कुठे? उडाला तो पांढरा शुभ्र बगळा! त्याचे पंख आणि शेपटी पूर्ण पांढरी असतात; उभा असताना ती तपकिरी पाठीच्या पिसांखाली झाकलेली असतात. वीसेक पावलांवर तो उतरला, पंख मिटले, आणि पुन्हा दिसेनासा झाला. ससाणा पाठलाग करत असेल तर तो पांढरं काहीतरी शोधत राहील, आणि पांढरं तर तिथे काहीच नाही.

भाचीने दुर्बिणीतून त्याला पुन्हा हुडकलं. "याची पाठ वेगळीच दिसतेय. लालसर." वसंतातली खरी मौज तिला इथे सापडली. विणीचा काळ जवळ आला की वंचक कपडे बदलतो. रेघांची पिसं गळतात, नवी येतात. पाठ गडद तांबूस, मान पिवळसर, आणि पायांवरही लाली चढू शकते. आमच्या वंचकाची निम्मी पिसं बदलून झाली होती, निम्मी जुनीच होती.

"आमच्याकडे कुरव पण असंच करतात!" भाची एकदम म्हणाली. कुरव म्हणजे किनाऱ्यावर थव्याने बसणारे ते पांढरे-राखी पक्षी. तपकिरी डोक्याचा कुरव थंडीत कोकणात येतो तेव्हा त्याचं डोकं पांढरं असतं, डोळ्यामागे फक्त एक काळसर ठिपका. मार्च उजाडला की डोक्यावर चॉकलेटी टोपरं चढायला लागतं. टोपरं पूर्ण झालं की स्वारी निघते लडाख-तिबेटच्या उंच तलावांकडे, अंडी घालायला. भाचीने तिच्या वहीत काढलेली चित्रं दाखवली: पांढरं डोकं, ठिपक्याठिपक्यांचं डोकं, चॉकलेटी डोकं. चित्राखाली तारखा. मला ती वही फार आवडली.

इथे वरच्या मुलाला भूक लागली, आणि त्याचं बरोबर होतं. गांधी बझारात गरम इडल्या खाल्ल्या. (या इडल्या लक्षात ठेवा, पुढे लागणार आहेत.) तिथून जवळच ब्यूगल रॉक नावाचा खडक आणि बाग आहे. झाडांवर काळ्या पिशव्या टांगाव्यात तशी शेकडो वटवाघळं उलटी लटकलेली. ती पक्षी नाहीत, पिल्लांना दूध पाजणारे सस्तन प्राणी आहेत, म्हणून आमच्या यादीत गेली नाहीत. यादीत गेला तांबट. टुक, टुक, टुक, टुक. कासाराने भांड्यावर हातोडी चालवावी तसा आवाज. चिमणीहून थोडा मोठा हिरवा पक्षी, कपाळावर कुंकू फासल्यासारखा लाल. वरच्या मुलाने मोजले: मिनिटाला शंभराच्या वर टुक! आणि गंमत म्हणजे त्या वेळी तांबटाची चोच बंद असते. गळा फुगतो आणि मिटतो, आवाज तिथून येतो. तुम्हीही ओठ घट्ट मिटून "टुक" म्हणून बघा. किती मोठ्याने म्हणता येतं?

मग आम्ही चालत लालबागेत गेलो. १७६० साली हैदर अलीने सुरू केलेली ही बाग आता २४० एकरांची आहे. १९०८ मध्ये इथे क्रुंबिगल नावाचे जर्मन वनस्पतितज्ज्ञ आले. त्यांनी बेंगळुरूसाठी एक सुरेख बेत आखला: झाडं अशी निवडून लावायची की एकाचा बहर संपतो तोवर दुसऱ्याचा सुरू व्हावा, म्हणजे शहरात बारा महिने काहीतरी फुललेलं असेल. मार्चमध्ये बेंगळुरूला याल तर गुलाबी, पिवळ्या, जांभळ्या फुलांचे सडे दिसतील. माणसांना सडे, आणि मध पिणाऱ्या शिंजिरांना जेवणाचं ताट.

लालबागेत एक उघडा खडक आहे, सुमारे ३०० कोटी वर्षं जुना. त्यावर उभं राहिलो आणि वर बघितलं तर पाच घारी. सकाळी सातला त्या झाडावर गप्प बसलेल्या असतात, नवाच्या पुढे आकाशात चढतात. का? ऊन चढतं, काळपट खडक तापतो, खडकावरची हवा तापते. तापलेली हवा फुगते, हलकी होते आणि वर जाते. घार त्या वर जाणाऱ्या हवेत शिरते आणि गोल गोल फिरत राहते. जिना न चढता गच्चीवर! आम्ही एका घारीवर डोळा ठेवला. ती ठिपक्याएवढी होईपर्यंत एकदाही पंख मारला नाही. हलत होती ती फक्त शेपटी, माशाच्या शेपटीसारखी मधे दुभंगलेली. कधी डावीकडे तिरपी, कधी उजवीकडे. सुकाणूच ते.

खडक उतरून तळ्यावर आलो. तिथे एका ओंडक्यावर पाणकावळा पंख पसरून उभा, दोरीवर शर्ट वाळत घातल्यासारखा. धाकटीने विचारलं, "बदकं नाही वाळवत पंख, मग हा का?" फार चांगला प्रश्न. बदकाच्या पिसांवर पाणी ठरत नाही, थेंब घरंगळून जातो, पिसांत हवा राहते, आणि त्यामुळे बदक बुचासारखं तरंगतं. पण पाणकावळ्याला तरंगायचं नाहीये! त्याला खाली जाऊन मासे धरायचेत. त्याच्या पिसांची वीण बाहेरून अशी असते की त्यात पाणी शिरतं आणि हवा निघून जाते. मग बुडी मारणं सोपं. अंगालगतचा थर मात्र कोरडा राहतो, म्हणून तो गारठत नाही. शिकार झाली की वर यायचं आणि ओले कपडे वाळवायचे.

खंड्या एक निळी रेघ मारून गेला. वरचा मुलगा म्हणाला, "मिंचुळ्ळि!" कन्नडमध्ये मिंचु म्हणजे वीज. मराठीत त्याला धीवरही म्हणतात, धीवर म्हणजे कोळी. एका भाषेने त्याची झेप बघितली, दुसरीने त्याचा धंदा.

आणि मग ती दिसली, जिच्यासाठी मी हा सगळा लेख लिहायला बसले.

तळ्याच्या कडेच्या दगडावर एक तपकिरी पाखरू चालत होतं. पोट पांढरं, आणि खांद्यापाशी पांढऱ्याची एक कोर वर गेलेली. चालता चालता त्याचं मागचं अंग सारखं वरखाली, वरखाली. "तुतारी!" भाची जवळजवळ ओरडली. "ही आमच्याकडे भाट्याच्या खाडीत असते!"

तीच ही. छोटी तुतारी, काही जण तिला तुतवार म्हणतात. समुद्राचा किनारा, खाडी, नदी, तळं, जिथे पाण्याला कड आहे तिथे ती हिवाळ्यात दिसते. ती शेपटी का हलवते यावर शास्त्रज्ञांचं अजून एकमत झालेलं नाही. तुम्ही मोठेपणी शोधा.

तिचं वजन साधारण ५० ग्रॅम. आता ती इडली आठवा. हॉटेलातली एक इडली, बस, तेवढंच. आणि ही इडलीएवढी तुतारी येत्या काही आठवड्यांत इथून निघणार, रात्रीच्या अंधारात उडत हिमालयात किंवा त्याही पलीकडे जाणार. हिमालय जवळात जवळ धरला तरी इथून दोनेक हजार किलोमीटर! तिथल्या थंड ओढ्यांच्या काठी ती घरटं करणार. आपल्याकडे ती पाहुणी आहे, मार्च-एप्रिल हे तिचे सामान आवरायचे दिवस. सामान म्हणजे काय? चरबी. किडे खाऊन खाऊन अंगात चरबी साठवायची, तेच वाटेतलं इंधन. म्हणून आमची तुतारी क्षणभर थांबत नव्हती. दगडाच्या फटीत चोच, पुढचा दगड, पुन्हा चोच.

"पण तिला कळतं कसं, की निघायची वेळ झाली?" धाकटीने विचारलं.

दिवस मोठा होतो, त्यावरून. बेंगळुरूत डिसेंबरातला सगळ्यात लहान दिवस आणि जूनमधला सगळ्यात मोठा दिवस यांत फरक जेमतेम दीड तासाचा. म्हणजे मार्चमध्ये दिवस रोज मिनिटाहून कमीच वाढतो. आपल्याला पत्ताही लागत नाही. पण पक्ष्यांच्या मेंदूत खोलवर काही पेशी आहेत ज्यांना प्रकाश कळतो, आणि तो प्रकाश डोळ्यांतून नाही, कवटीतून झिरपत येतो! खोटं वाटतं? आम्हालाही वाटलं. मग घरी आल्यावर खोलीत अंधार केला आणि विजेरी पेटवून तळहाताने तिचं तोंड झाकलं. बोटं आरपार लाल दिसली. मांसातून एवढा प्रकाश जातो, मग पाखराच्या कागदासारख्या पातळ कवटीतून का नाही जाणार? दिवस पुरेसा मोठा झाला की त्या पेशी शरीराला कळवतात, आणि पिसं बदलणं, भूक वाढणं, निघायची ओढ लागणं हे सगळं सुरू होतं. वंचकाची लाल पाठ, कुरवाचं चॉकलेटी टोपरं आणि तुतारीची भूक, तिन्हींमागे घड्याळ एकच.

बरं, निघाली. रात्र आहे. उत्तर कुठे? अमेरिकेत १९६० च्या दशकात स्टीफन एम्लेन या शास्त्रज्ञाने याच कोड्यामागे लागून एक प्रयोग केला. रात्री प्रवास करणारे छोटे निळे पक्षी त्याने तारांगणात नेले. एकेका पक्ष्याला कागदाच्या नरसाळ्यात ठेवलं, तळाशी शाईची पुसटशी गादी. पक्षी ज्या दिशेला झेपावेल त्या बाजूच्या कागदावर शाईचे पाय उमटणार! छतावर वसंतातलं आकाश दाखवलं की पाय उत्तरेकडे उमटले. मग त्याने काही पिल्लांना वेगळंच आकाश दाखवून वाढवलं, ध्रुवताऱ्याऐवजी मृग नक्षत्रातल्या काक्षी ताऱ्याभोवती फिरणारं. मोठी झाल्यावर त्या पक्ष्यांनी काक्षीलाच ध्रुव मानून दिशा ठरवली. म्हणजे ताऱ्यांचा नकाशा पाठ घेऊन पिल्लू जन्मत नाही. आकाश कशाभोवती फिरतंय, हे ते लहानपणी बघून शिकतं. सूर्य आणि पृथ्वीचं चुंबकत्वही पक्ष्यांना वाट दाखवतात, पण ती गोष्ट पुन्हा कधीतरी.

त्या रात्री आम्ही चौघं गच्चीवर गेलो. ईशान्येला सप्तर्षी वर आले होते. त्यांच्या पुढच्या दोन ताऱ्यांना जोडणारी रेघ वाढवत नेली आणि पाण्याच्या टाकीच्या कडेला, दिव्यांच्या उजेडात मिणमिणता ध्रुवतारा सापडला. हात ताठ पुढे करून मूठ धरली की ती आकाशात साधारण १० अंश व्यापते. बसवनगुडीत ध्रुवतारा क्षितिजापासून १३ अंशांवर, म्हणजे एक मूठ आणि वर दोन बोटं. भाचीने चार दिवसांनी रत्नागिरीहून फोन केला, "मावशी, इथे जवळजवळ पावणेदोन मुठी भरतात!" बरोबर, रत्नागिरी १७ अंशांवर आहे. जितकं उत्तरेला जावं तितका ध्रुव वर चढतो. तुतारी हिमालयात पोहोचेल तेव्हा तो तिच्यासाठी तीन मुठींवर असेल.

आमच्या यादीत त्या दिवशी २७ जाती झाल्या. लालबागेत दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी सकाळी पक्षी बघणारी मंडळी जमतात, कित्येक वर्षांची पद्धत आहे. त्यांच्यातल्या जुन्या माणसांना २७ म्हणजे काहीच वाटणार नाही. पण मला विचाराल तर यादीपेक्षा ती सहा मिनिटं मोठी, जेव्हा चौघांनी एकाच वंचकाकडे बघितलं.

तुमच्या गावातही तळं असेल, धरणाची कड असेल, ओढा नाहीतर खाडी असेल. मार्च-एप्रिलमध्ये तिथे सकाळी जा. शेपटी हलवत चालणारं तपकिरी पाखरू दिसलं तर वहीत तारीख लिहा. पुढच्या आठवड्यात पुन्हा जा, पुन्हा लिहा. एक दिवस ते दिसणार नाही. शेवटच्या तारखेखाली एक रेघ मारून ठेवा. आणि ऑगस्ट संपत आला की तोच दगड पुन्हा बघायला जा, कारण तोवर तुताऱ्या परतायला लागलेल्या असतात.